अघोट

देवगडच्या बर्फ कारखान्याच्या माळ्यावर
मी सात पावसाळे एक शहर चालवते आहे.
चालवते म्हणजे, मोडलेलं ठेवते.
नाव अघोट. आईला वाटलं मी अगोट म्हणतेय,
सुके बांगडे भरलेस का, तिने विचारलं.
एका अर्थी, हो.

जून-जुलै मासेमारीला बंदी, ट्रॉलर जेटीला बांधलेले,
आणि चौदा माणसं मोकळी.
नकाशा बर्फाच्या पावत्यांच्या पाठीवर,
दोनशे बारा पावत्या, डिंकाने जोडलेल्या;
पश्चिमेच्या तटाला अजून सुरमईचा वास येतो.

दुष्ट शहर सोपं असतं, मला वाटलं होतं.
चार कवट्या, एक काळा बुरूज, वटवाघळं.
पहिल्याच रात्री लवू मेस्तने विचारलं,
"ह्या बुरजाक लाकूड खंयसून हाडला?"
तो होड्या बांधतो. त्याला उत्तर द्यावंच लागतं.
मग मी जंगल रचलं, जंगल तोडणारे रचले,
त्यांची मजुरी बुडवणारा कारकून रचला,
त्याची नेटकी वही.
(वहीला वेळ लागला नाही. मी इथला हिशोबच लिहिते.)

पडलेली भिंत काढायची तर आधी उभी काढावी लागते,
तिच्यामागे कुणी राहणारं, त्याची पेज, त्याचा खोकला,
आणि मग एका वाक्यात ढकलून द्यायची.
खेळणाऱ्यांना फक्त दगड दिसतात.
खोकला माझ्याकडे राहतो.

यासीन मुकादम खलाशी, माळ्यावर तलवारबाज.
सिस्टर जुवाटकर दिवसभर पोरांना लशी टोचून येते
आणि विषकन्या होते, अगदी मन लावून.
इनासचा बुटका पुजारी तीनदा मेला,
दर वेळी इनासने नवा कागद घेतला, नाव तेच लिहिलं.
भिवा तारी मस्कतला गेला. त्याचा धनुर्धर
पूर्वेच्या वेशीवर पाच वर्षं पहाऱ्याला उभा आहे;
येता-जाता सगळे त्याला हाक मारतात,
मी त्याला भूक लागू देत नाही.

एकतीस जुलै. पहाटे बोटी सुटणार,
म्हणून अघोटचा स्वामी त्याच रात्री मरायला हवा होता.
खाली दोन महिन्यांनी मशिनं सुरू झालेली,
माळा थरथरत होता, सोंगट्या आपसूक सरकत होत्या.
यासीनने फासा टाकला, वीस बाजूंचा, निळा,
आमच्याकडचा एकुलता.
सतरा किंवा वर, तर संपलं.
तो चटईवरून फळीवर, फळीवरून
दोन फळ्यांमधल्या फटीत.
टप्प. पाण्यात.

सगळे खाली धावले. तीनशे डबे,
एकसारखे, कडेने गोठायला लागलेले.
फोरमन म्हणाला, डब्यात हात घालायचा नाही.
"चिठ्ठ्या टाकूया," इनास म्हणाला.
"नाय," यासीन म्हणाला, "टाकलो तो टाकलो."
पाचला लाद्या फुटल्या, बर्फ बोटींत गेला,
बोटी गेल्या.

तेव्हापासून स्वामीच्या मानेपासून बोटभर अंतरावर
एक तलवार थांबली आहे.
हुकूम देणारा मेला की नाही, कुणाला ठाऊक नाही,
म्हणून हुकूम कुणी पाळत नाही.
रात्री जमा-खर्च मिटवून मी नकाशा उघडते:
कारकुनाने तीन दिवस वही उघडलेली नाही.
कासारगल्लीत कुणीतरी भिंतीचा चिरा
परत भिंतीवर ठेवून पाहतंय.
हे मी ठरवलेलं नव्हतं.

परवा यासीनचा फोन आला, बंदराच्या तोंडातून,
मागे इंजिन, वारा.
"गावलो गो! पापलेटांच्या खाली,
मुठीएवढ्या बर्फात. आकडो वर दिसता. सांगू?"

माझ्या समोर पावत्या होत्या, पेन होतं.
"नको," मी म्हटलं, "जूनमध्ये घेऊन ये. तसाच."

"वितळतलो गो."

"मग हातात धरू नको."

तो हसला, काहीतरी म्हणाला, एक आकडा असेल,
तोवर फोन कटला.
रेंज गेली असेल.
किंवा यासीन माझ्याहून शहाणा आहे.